मूत्राशयाचा कर्करोग : शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर स्त्रियांनी काय जपावं

मूत्राशयाचा कर्करोग पुरुषांना स्त्रियांपेक्षा तीन ते चार पटींनी जास्त होतो. त्यामुळे हा पुरुषांचा आजार असं लोक धरून चालतात आणि पुष्कळदा डॉक्टरही. पण ज्या स्त्रीला तो होतो तिला तो अधिक महागात पडतो. मूत्राशय काढून टाकण्याची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या ८ हजारांहून अधिक रुग्णांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास आहे. ऑपरेशनच्या वेळी स्त्रियांचा आजार पुरुषांच्या मानाने जास्त पुढे गेलेला होता आणि नंतर याच कर्करोगाने दगावण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं, असं त्यात दिसलं.

नॉर्वेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणीतून आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. १९९७ ते २०११ या काळातल्या १५ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा स्त्रियांचा जास्तीचा धोका निदानानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत एकवटलेला आढळला. ही दोन वर्षं निभावलेल्या स्त्रिया पुढे पुरुषांपेक्षा मागे पडत नाहीत, किंबहुना थोड्या सरसच ठरतात. याचा अर्थ आशादायक आहे. स्त्रीचं बरंचसं नुकसान आजार उशिरा सापडल्यामुळे होतं, आणि उशीर टाळणं हे आपल्या हातात आहे. ऑपरेशनच्या आधीची तयारी आणि नंतरची काळजीही आपल्याच हातात आहे. म्हणून हा लेख रुग्ण स्त्रीसाठी आहे, तसाच तिच्या नवऱ्यासाठी, मुलांसाठी आणि सुनेसाठीही आहे.

फरक कुठे पडतो?

पहिला फरक वेळेचा. मूत्राशयाच्या भिंतीला थर असतात. कर्करोग आतल्या अस्तरापुरता असेल तर तो दुर्बिणीने खरवडून काढता येतो. स्नायूच्या थरात शिरला की पूर्ण मूत्राशय काढण्याचा विचार सुरू होतो. अमेरिकेच्या आकडेवारीनुसार अस्तरापुरत्या कर्करोगात पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या पुढे आहे, आणि दूरच्या अवयवांत पसरल्यावर ते १० टक्क्यांच्या खाली येतं. अशा आजारात काही आठवड्यांनाही किंमत असते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लघवीतून रक्त गेल्याची तक्रार नोंदवल्यापासून निदान होईपर्यंत पुरुषांना सरासरी सुमारे ७३ दिवस लागले, तर स्त्रियांना ८५. मधल्या काळात स्त्रियांवर ‘लघवीचा जंतुसंसर्ग’ हा शिक्का जास्त वेळा बसला होता.

दुसरा फरक जीवशास्त्राचा. स्त्री आणि पुरुषांमधली संप्रेरकं, गुणसूत्रं आणि प्रतिकारशक्ती यांचा या कर्करोगावर वेगवेगळा परिणाम होतो. २०२३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार, ज्या पुरुषांच्या गाठीतल्या पेशी वाय गुणसूत्र गमावून बसतात त्यांचा आजार अधिक आक्रमक होतो. पुढच्या उपचारांसाठी हे संशोधन मोलाचं आहे. पण आज घरात रुग्ण असलेल्या कुटुंबाने लक्ष द्यायचं ते वेळेकडे, ऑपरेशनकडे आणि घरातल्या काळजीकडे.

लाल लघवीला ‘उन्हाळी’ म्हणून सोडू नका

लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. मग धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा सुरू होतो. त्याने भागलं नाही तर मेडिकलच्या दुकानातून गोळ्या येतात. दोन-चार दिवसांत लघवी पुन्हा स्वच्छ दिसते आणि विषय मिटतो. या कर्करोगाची खोच इथेच आहे. त्याचं रक्त बहुतेकदा दुखत नाही आणि सलगही येत नाही. एक दिवस दिसतं, मग आठवडे किंवा महिने गायब होतं. औषधाने रक्त थांबलं असं वाटतं, पण ते आपोआप थांबलेलं असतं.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. पाळी चालू असेल तर रक्त पाळीचं समजलं जातं. पाळी गेलेली असेल तर ‘अंगावरून थोडं लाल गेलं’ एवढंच सांगितलं जातं, आणि गर्भाशयाची सोनोग्राफी करून प्रकरण थांबतं. खरं तर पाळी गेल्यानंतरचं कोणतंही रक्त तपासायलाच हवं आणि ते नेमकं कुठून आलं हे ठरवायला हवं. त्यासाठी स्वतःची जागा आधी पाण्याने स्वच्छ करावी, लघवीची पहिली धार सोडून द्यावी आणि मधली धार पारदर्शक बाटलीत धरावी. लघवीच लाल, गुलाबी किंवा कोऱ्या चहाच्या रंगाची दिसली तर मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. तुम्ही दवाखान्यात पोचाल तेव्हा ती स्वच्छ झालेली असू शकते.

हे नियम घरात सगळ्यांना माहीत असू द्या :

• लघवीतून डोळ्यांना दिसणारं रक्त एकदाच गेलं आणि अजिबात दुखलं नाही, तरी मूत्रविकारतज्ज्ञाला, म्हणजे युरोलॉजिस्टला दाखवायचं.

• अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर करून घ्यायचं. कल्चरमध्ये जंतू आले नाहीत, तर ‘इन्फेक्शन’ या निदानावर थांबायचं नाही.

• जंतुसंसर्ग खरोखर असला, तरी औषधाचा कोर्स संपल्यावर लघवी पुन्हा तपासायची. रक्तपेशी दिसत राहिल्या तर पुढच्या तपासण्या हव्यात.

• लघवीच्या त्रासासाठी वारंवार गोळ्या घ्याव्या लागत असतील, तर ‘मला दुर्बिणीची तपासणी लागेल का?’ असं स्वतः होऊन विचारायचं.

• रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तरी तपासणी टाळायची नाही. गोळीमुळे रक्त दिसलं असेल, पण ते ज्या जागेतून आलं ती जागा शोधावीच लागते.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होऊ नका. लहान किंवा सपाट गाठ सोनोग्राफीत निसटू शकते. मूत्राशयाचं अस्तर प्रत्यक्ष दिसतं ते दुर्बिणीतूनच. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असल्यामुळे ही तपासणी त्यांना पुरुषांपेक्षा सोपी जाते. भीती आणि संकोच मोठा असतो हे मान्य आहे. पण शेजारी स्त्री परिचारिका थांबवा, असं सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, पुढे काय?

गाठ सापडली की ती दुर्बिणीतून खरवडून तपासायला पाठवतात. हा उपचारही असतो आणि निदानही. तुकड्याचा रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. आजार कोणत्या थरापर्यंत आहे? गाठ कमी धोक्याची आहे की जास्त? आणि तपासलेल्या तुकड्यात स्नायूचा थर आला आहे का? तुकड्यात स्नायू आलाच नसेल, तर आजार तिथवर गेला नाही असं खात्रीने म्हणता येत नाही. अशा वेळी, तसंच अस्तराखालच्या थरात शिरलेल्या गाठीतही, दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा एकदा दुर्बिणीने खरवडून पाहतात. हे दुसरं ऑपरेशन ऐकून घरच्यांना वाटतं, पहिलं फसलं. तसं नसतं. खोलवरचा आजार मागे राहू नये म्हणून ती ठरलेली पायरी आहे, ती टाळू नका.

जास्त धोक्याच्या, पण स्नायूत न शिरलेल्या आजारात बीसीजी हे औषध नळीने मूत्राशयात सोडतात. आठवड्यातून एकदा असे सहा डोस असतात, आणि पुढे एक ते तीन वर्षं ठरावीक अंतराने देखभालीचे डोस असतात. दर वेळी जळजळ होते, वारंवार लघवीला जावं लागतं. इथेच पुष्कळ जणी ‘आता बरं वाटतंय’ म्हणत थांबतात. शेतीची कामं, मुलीचं बाळंतपण, घरातलं लग्न या कारणांनी डोस पुढे ढकलले जातात. डोसांच्या तारखा कॅलेंडरवर लिहा आणि सोबत कोण जाणार त्याचं नावही शेजारी लिहा. डोसानंतर थंडी वाजून जोराचा ताप आला आणि उतरला नाही, तर लगेच रुग्णालयाला कळवा.

अशा आजारात पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी लागते, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा. हा कर्करोग परत उगवण्यासाठी ओळखला जातो. वेळेवर सापडला तर तो पुन्हा काढताही येतो.

मूत्राशय काढायचं ठरलं तर

आजार स्नायूत शिरला असेल, तर पूर्ण मूत्राशय आणि आसपासच्या लसिकाग्रंथी काढतात. पुरुषांमध्ये त्यासोबत प्रोस्टेट ग्रंथी जाते. स्त्रियांमध्ये रूढ पद्धतीत गर्भाशय, बीजवाहिन्या, अंडाशय आणि योनिमार्गाच्या पुढच्या भिंतीचा भाग काढतात. या भागात रक्तवाहिन्यांचं जाळं दाट असतं. स्त्रियांना या ऑपरेशनमध्ये रक्त जास्त चढवावं लागतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्यातच आपल्याकडे स्त्रियांचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. वय वाढलं म्हणून तो आपोआप जात नाही, आणि लघवीतून रक्त गेलं की त्यात भरच पडते. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरण्याआधीच हिमोग्लोबिन बघा आणि ते वाढवण्यासाठी लोह शिरेतून देता येईल का ते विचारा. या दिवसांत घरातल्या बाईचं ताट सगळ्यांचं जेवण उरकल्यावर उरल्यासुरल्यावर भागवू नका. डाळ, उसळ, अंडी, दूध, मासे यांतलं जे घरात खाल्लं जातं ते तिच्या पानात आधी पडू द्या.

शल्यचिकित्सकांना हे प्रश्न विचारा, कागदावर लिहून न्या :

• ऑपरेशनआधी केमोथेरपीचा फायदा होईल का? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या चाचणीत आधी केमोथेरपी घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण ७७ महिन्यांच्या पुढे जगले. फक्त ऑपरेशन झालेल्या गटात हाच काळ ४६ महिन्यांचा होता. मूत्रपिंडं नीट चालत असतील तरच हे औषध देता येतं.

• मूत्राशय वाचवून किरणोपचार आणि केमोथेरपी हा मार्ग मला चालेल का? निवडक रुग्णांमध्ये तो चांगला पर्याय आहे.

• गर्भाशय, अंडाशय आणि योनिमार्ग वाचवता येईल का? गाठीची जागा आणि फैलाव पाहून काही स्त्रियांमध्ये हे सुरक्षितपणे करता येतं. पाळी चालू असलेल्या स्त्रीची अंडाशयं काढली तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. अंगातून वाफा येणं, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं हे सगळं त्यामागून येतं.

• लघवीसाठी पोटावर पिशवी लावणार, की आतड्याचं नवं मूत्राशय करणार? स्त्रियांना नवं मूत्राशय हा पर्याय पुरुषांपेक्षा कमी वेळा दिला जातो. मूत्रमार्गाच्या तोंडाशी आजार नसेल आणि मूत्रपिंडं चांगली असतील, तर तुम्ही स्वतःहून त्याबद्दल विचारू शकता.

• या रुग्णालयात वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात? युरोपातल्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षाला किमान १०, शक्यतो २० हून अधिक, असा निकष सांगितला आहे.

उशीर मात्र नको. आजार स्नायूत शिरल्याचं कळल्यावर, केमोथेरपी द्यायची नसेल तर, ऑपरेशन तीन महिन्यांच्या आत व्हायला हवं. ‘सुगी आटोपू दे’, ‘नातवाचं बारसं होऊ दे’ असं म्हणत ही मुदत निघून जाऊ देऊ नका. पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया येतात. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतात, पहिल्याच दिवशी रेशनकार्ड घेऊन त्यांना भेटा.

पिशवीची जागा रोजच्या साडीत ठरवा

पोटावर पिशवी लावायची असेल तर आतड्याचा छोटा तुकडा वापरून पोटाच्या उजव्या बाजूला लघवीसाठी तोंड काढतात. त्याला स्टोमा म्हणतात. ही जागा ऑपरेशनच्या आधी पेनाने आखून ठेवायची असते. हे काम टेबलावर झोपवूनच केलं तर चूक होते. बाई उभी राहिली की परकराची नाडी नेमकी स्टोमावर बसते. मांडी घालून भाकरी थापायला बसली की पोटाची वळी पिशवीवर येते, कड सुटते आणि लघवी गळते. गळती झाली की कातडी सोलवटते. मग बाई पाणी कमी पिते, बाहेर जाणं बंद करते आणि हळूहळू घरातच कोंडली जाते.

म्हणून जागा आखण्याच्या दिवशी रोजच्या कपड्यांत जा. नऊवारी नेसत असाल तर नऊवारीत, सलवार घालत असाल तर सलवारीत. झोपून, उभं राहून, वाकून, खुर्चीवर आणि जमिनीवर मांडी घालून, अशा प्रत्येक स्थितीत खूण कुठे येते ते पाहायला सांगा. ती जागा रुग्णाला स्वतःला दिसली पाहिजे. पोट सुटलेलं असेल तर खालची जागा दिसतच नाही, मग तोंड वर काढावं लागतं. सांधेदुखीने बोटं आखडली असतील तर पिशवीची तोटी एकदा तिच्या हाताने उघडून बघा. वेगळ्या प्रकारच्या तोट्याही मिळतात. पुरुषांनीही धोतर, लेंगा किंवा पट्टा नेमका कुठे बांधता ते दाखवावं.

घरी आल्यावर पिशवी तिसरा हिस्सा ते अर्धी भरली की रिकामी करा. पूर्ण भरली की वजनाने ती ओढली जाते. रात्री मोठी पिशवी जोडली तर सलग झोप लागते. लघवीत पांढरट चिकट धागे दिसले तर घाबरू नका. तो आतड्याचा चिकट स्राव असतो, पाणी भरपूर प्यायलं की तो वाहून जातो. पिशवी बदलणं रुग्णालयातून सुट्टी मिळण्याआधी रुग्णाने आणि घरातल्या निदान एका माणसाने स्वतःच्या हाताने करून बघायला हवं. मुंबईतलं टाटा स्मारक रुग्णालय आणि ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया इथे या कामातली जाणकार माणसं भेटतात.

नवं मूत्राशय केलेल्या स्त्री-पुरुषांचा त्रास वेगवेगळा असतो. पुरुषांना बहुधा रात्री लघवी गळण्याचा त्रास होतो. स्त्रियांमध्ये गळण्यासोबत उलटा प्रश्नही येतो, लघवी पूर्ण बाहेरच पडत नाही. तेव्हा दिवसातून काही वेळा स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करावं लागतं. हे कौशल्य ऑपरेशनआधीच शिकून घेतलं तर नंतर घाबरगुंडी उडत नाही.

या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा

• थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं

• काही तास पिशवीत लघवीच न येणं

• स्टोमाचा लालसर रंग जाऊन तो काळपट पडणं

• सतत उलट्या, पोट फुगणं

• एका पोटरीला सूज किंवा दुखणं, अचानक दम लागणं. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ऑपरेशननंतर साधारण चार आठवडे इंजेक्शनं देतात, ती मध्येच सोडू नका.

• योनिमार्गातून लघवीसारखं पाणी सतत गळणं. नवं मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यात छिद्र पडल्याची ही खूण असू शकते. लाजेखातर पुष्कळ जणी हे महिनोन् महिने सांगत नाहीत.

जे बोललं जात नाही ते

ऑपरेशननंतर शरीरसंबंधांवर परिणाम होतो. पुरुषांना ताठरता येत नाही, याबद्दल डॉक्टर बहुधा आधीच बोलतात आणि त्यावर गोळ्या, पंप असे उपायही सुचवतात. स्त्रीचा योनिमार्ग आखूड आणि कोरडा होतो, संबंध दुखरा होतो, पण तिला कोणी विचारत नाही. वय साठीचं असलं तरी हा प्रश्न विचारण्याचा तिला हक्क आहे. योनिमार्गासाठीची मलमं आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम यांचा उपयोग होतो. नवऱ्यानेही डॉक्टरांच्या भेटीला सोबत जावं आणि घाई करू नये.

दोन वर्षं, आणि सगळ्यांचे हात

मोठ्या ऑपरेशननंतर आजार उलटण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत जास्त असतो. त्या काळात दर तीन ते सहा महिन्यांनी सीटी स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्या चुकवू नका. आतड्याचा तुकडा वापरलेला असल्यामुळे मूत्रपिंडाचं काम, रक्तातली आम्लता आणि बी-१२ जीवनसत्त्व यांवरही लक्ष ठेवावं लागतं. रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांनी हाडांची घनता तपासून घ्यावी. तंबाखूचा धूर घरातून पूर्ण जायला हवा. या कर्करोगाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान असतं, आणि बिडी-सिगारेट सोडल्याचा फायदा निदानानंतरही होतो.

घरात नवरा आजारी पडला की बायको त्याची नर्स होते. पिशवी बदलते, तारखा लक्षात ठेवते, डॉक्टरांना प्रश्न विचारते. बायको आजारी पडली की पुष्कळ घरांत ती टाके ओले असतानाच ओट्याशी उभी राहते. मोठ्या ऑपरेशननंतर किमान सहा आठवडे पाण्याचे हंडे, कपड्यांची बादली, दळणाचा डबा यांतलं काहीही तिने उचलायचं नाही. हे तिला सांगून भागत नाही, ती कामं दुसऱ्या कोणी अंगावर घ्यावी लागतात. म्हणून तिला रुग्णालयात भरती करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावं. स्वयंपाक कोण करणार, पिशवी बदलायला कोण शिकणार, दर तपासणीला सोबत कोण जाणार, आणि रात्री ताप आला तर गाडी कुठून येणार, या चार प्रश्नांपुढे चार नावं लिहावीत. तो कागद तिच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावावा.